मनूचे ‘हू’ आणि ‘विच’

वाई,
रविवार

प्रिय वैशू,

तुझं पत्र आणि सोबतची मनूच्या वहीची झेरॉक्स, दोन्ही मिळालं. वही मी सावकाश वाचली. अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज, म्हणजे नामाबद्दल जास्त सांगणारं ‘हू’, ‘विच’चं उपवाक्य, ओळखून अधोरेखित करा, हे सगळे प्रश्न तिचे बरोबर आहेत. निबंधात मात्र तेच क्लॉज जिथे तिथे फसलेत. तू लिहितेस, तिचं व्याकरणच कच्चं आहे. मला हे अजिबात पटत नाही. तिला सराव भलताच करायला लावलाय. रेघ मारून क्लॉजचं नाव लिहिण्याने परीक्षेतला एखादा प्रश्न सुटतो, पण लिहिताना तो क्लॉज हाताशी येत नाही. त्यासाठी वाक्यं जोडायचाच सराव हवा.

तिचं हे वाक्य बघ: ‘द बुक विच आय बॉट इट इज लॉस्ट.’ हे ‘इट’ आपल्या मराठीतून आलंय गं. ‘जे पुस्तक मी घेतलं, ते हरवलं.’ आपल्याकडे ‘जे’ आलं की मागोमाग ‘ते’ यावंच लागतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी; ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. जन्मापासून कानावर पडलेली ही जोडी मनू इंग्रजीतही पुरी करायला जाते. तिथे तर ‘विच’ आलं की पुस्तकाची जागा भरली, ‘इट’ला जागाच उरत नाही. हे तिला रागावून नको, मराठी वाक्य शेजारी लिहून दाखव. लगेच कळेल तिला.

मग सराव असा घे. दोन छोटी वाक्यं दे: ‘आय बॉट अ बुक. द बुक इज लॉस्ट.’ दोन्हींत सारखं काय? बुक. पहिल्या वाक्यातल्या ‘अ बुक’वर पेन्सिलने खरोखरची काट मारायची, त्याऐवजी ‘विच’ लिहायचं आणि ते सुरुवातीला आणायचं: ‘विच आय बॉट’. आता हा अख्खा तुकडा उचलून दुसऱ्या वाक्यातल्या ‘द बुक’ला चिकटवायचा. ‘द बुक विच आय बॉट इज लॉस्ट.’ काट मारणं टाळू देऊ नकोस. खोडलेला शब्द परत लिहायचा नाही, हे हाताच्या सवयीनेच पक्कं होतं. माणूस असला तर ‘हू’, जागा असली तर ‘व्हेअर’, कुणाचं तरी काही असलं तर ‘हूज’, कृती तीच.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. ‘द बॉईज हू केम विथ द टीचर वॉज लेट’ असं तिने लिहिलंय, कारण लिहिता लिहिता शेवटचा शब्द ‘टीचर’ होता. क्लॉजभोवती चौकट काढून ती बोटाने झाकायला सांग आणि उरलेलं मोठ्याने वाचायला लाव. ‘द बॉईज’ला ‘वेअर’ हवं हे तिलाच ऐकू येईल.

स्वल्पविरामाकडे शाळेत कुणी फारसं बघत नाही, आणि मला तर तोच सगळ्यात आवडतो. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन नाशिक इज अ डॉक्टर.’ हे वाचणाऱ्याला वाटणार, हिला आणखीही भाऊ आहेत, त्यातला नाशिकचा डॉक्टर. मनूला तर एकुलता एक भाऊ! म्हणून ‘माय ब्रदर, हू लिव्ज इन नाशिक, इज अ डॉक्टर’, दोन्हीकडे स्वल्पविराम. एवढ्याशा खुणेवर घरातली माणसं मोजली जातात. अशा स्वल्पविरामानंतर ‘दॅट’ मात्र घालायचं नाही.

‘द साडी आय बॉट’मध्ये ‘विच’ गाळलेलं चालतं, मग ‘द मॅन केम येस्टरडे इज माय अंकल’ का चालत नाही, हा तिचा प्रश्न फार चांगला आहे. साडीच्या वाक्यात घेणारी ‘आय’ वेगळी आहे. काकांच्या वाक्यात येणारा म्हणजे तो ‘हू’च, तोच काढला तर ‘केम’ला कर्ता कुठला? ‘हू’ किंवा ‘विच’च्या लगेच पुढे क्रियापद असेल, तर ते गाळायचं नाही.

‘हूम’ची, म्हणजे ‘हू’ कर्म असताना येणाऱ्या रूपाची, फार चिंता करू नका. बोलताना ते आता क्वचितच येतं. वाचताना कळलं आणि परीक्षेत लिहिता आलं की पुरे. आणि ‘माणसाला विच का नाही’ म्हणून ती भांडत असेल तर सांग, १६११ च्या इंग्रजी बायबलात प्रत्यक्ष स्वर्गातल्या पित्यालाही ‘विच’च लावलंय. नियम पुढे बदलला. आज आपण ‘हू’ लिहायचं.

वाक्यं पुस्तकातली नकोत, घरातली घे. तुझ्या सासूबाई, त्यांचा तांब्याचा बंब, गच्चीवर येणारं मांजर, दूधवाला. मनू तुमच्याबद्दल लिहील तेव्हा तिला खरंच काहीतरी सांगायचं असेल, आणि क्लॉज लागतो तो तेव्हाच. आठवड्याभराची वाक्यं मला पाठव, काट मारलेली कच्ची पानंसुद्धा. मी लाल शाई वापरणार नाही, हेही तिला सांग.

भाऊजींना नमस्कार, मनूला खूप आशीर्वाद.

तुझीच,
सुमा