‘इआर निगेटिव्ह’वर विश्वास ठेवण्याआधी

मा. संपादक,
स. न.

स्तनाच्या कर्करोगाच्या तपासण्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख उपयुक्त होता, पण ‘हार्मोन रिसेप्टर (पेशीतले हार्मोन पकडणारे प्रथिन) आहे की नाही’ एवढ्यावरच तो थांबला.

इस्ट्रोजेन या हार्मोनचे मुख्य रिसेप्टर दोन आहेत, अल्फा आणि बीटा. बीटा १९९६ मध्ये उजेडात आला. रिपोर्टमधला ‘इआर’ (इस्ट्रोजेन रिसेप्टर) म्हणजे फक्त अल्फा, आणि हार्मोनविरोधी औषध ठरते ते त्याच्यावरच. त्यातले टॅमॉक्सिफेन हे गोळीचे औषध स्तनात या अल्फाला अडवते, गर्भाशयाच्या अस्तरात मात्र त्यालाच चेतवते, कारण दोन्ही ठिकाणी त्याच्या जोडीला काम करणारी प्रथिने सारखी नसतात. म्हणून पाळी कायमची गेलेल्या बाईला या गोळ्या चालू असताना रक्तस्राव झाला, तर लगेच तपासून घ्यावे.

आता ‘निगेटिव्ह’विषयी. तपासणीत रिसेप्टर असलेली केंद्रके रंगतात; एक टक्का कर्कपेशींची रंगली तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह धरतात. १ ते १० टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात. इतक्या कमी प्रमाणावर निकाल फिरत असेल, तर नमुन्याची हेळसांड परवडत नाही. गाठ काढल्यापासून तासाभरात ती १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) पडायला हवी आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवी. फॉर्मॅलिन सावकाश मुरते. अख्खा स्तन तसाच बरणीत बुडवला, तर मधली गाठ रात्रभर कच्चीच राहते आणि रिसेप्टर खराब होतो. म्हणून आधी ५ ते १० मिलिमीटरचे काप द्यावेत, फॉर्मॅलिन नमुन्याच्या दहापट घ्यावे. सलाइनमध्ये नमुना पाठवणे तर साफ चूक. शक्य असेल तिथे ही तपासणी सुईने काढलेल्या बारीक तुकड्यावर करावी. त्यात फॉर्मॅलिन लवकर मुरते.

संशय कधी घ्यावा? त्याच स्लाइडवरच्या निरोगी दुग्धनलिकाही रंगल्या नसतील, तर तो निकालच नव्हे. इआर निगेटिव्ह पण पीआर (प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचा रिसेप्टर) पॉझिटिव्ह आले, तरी पुन्हा तपासावे, कारण पीआर तयार होतो तो बहुधा इआरच्या हुकमावर. नमुना मेणात बसवून केलेला ब्लॉक लॅबमध्ये असतोच. त्यावर, किंवा दुसऱ्या ब्लॉकवर, तपासणी पुन्हा करता येते. चुकीच्या ‘निगेटिव्ह’मुळे रुग्णाची पाच वर्षांची स्वस्त, गुणकारी गोळी हुकते.

रुग्णालयांना एकच विनंती: नमुन्यासोबतच्या फॉर्मवर गाठ काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची, अशा दोन वेळा लिहाव्यात. आज हा रकाना बहुधा कोराच येतो.

— एक पॅथॉलॉजिस्ट, सातारा