आई, काळजी माझ्या पोटाची नको, बाबांच्या पोटाची कर

प्रिय आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली, "रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग पोरीला एवढा त्रास होतो कशानं? आत काहीतरी मोठं लपलेलं असणार." मी तेव्हा गाडीत होते, आजूबाजूला माणसं, त्यामुळे काही बोलता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहितेय. बाबा, तुम्ही हे आईला वाचून दाखवा, पण मधलं काही गाळू नका. शेवटचं तुमच्यासाठीच आहे.

माझ्या दुखण्याला नाव आहे. इरिटेबल बाउल सिंड्रोम, डॉक्टर आयबीएस म्हणतात. निदान उगाच अंदाजानं केलेलं नाही. महिन्यांमागून महिने आठवड्यातून निदान एकदा पोट दुखणं, शौचाला गेल्यावर त्या दुखण्यात फरक पडणं, कधी जुलाब तर कधी खडा होणं, असे त्याचे ठरलेले निकष आहेत आणि ते माझ्या बाबतीत जुळतात. रक्ताच्या तपासण्या झाल्या, थायरॉइड झालं, लोक चुकून गव्हाची ॲलर्जी म्हणतात त्या सीलिअॅकची चाचणी झाली, आतड्याला सूज आहे का हे पाहायला शौचाची तपासणी झाली. आतड्याला जखम नाही, सूज नाही, गाठ नाही. माझं वजन घटलेलं नाही, रक्त पडत नाही, दुखण्यानं रात्री जाग येत नाही, आपल्या घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर नाही. त्यामुळे माझ्या वयाला कोलोनोस्कोपीची, म्हणजे नळीच्या दुर्बिणीनं मोठं आतडं आतून पाहण्याची, गरज नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आई, दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर असं आता नको.

मामा म्हणाला, "मनाचे खेळ आहेत, टेन्शन घेऊ नको." त्याचं प्रेम मला कळतं, पण ते ऐकून माझं दुखणं मीच तयार केलंय असं वाटायला लागतं. बाबा, तुम्ही आयुष्यभर विज्ञान शिकवलंत, तुम्हाला हे आवडेल. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतंत्र जाळं असतं. चेतापेशींचे निरोप नेणारं सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, शरीरातला त्याचा बहुतेक साठा मेंदूत नसून आतड्यात असतो. पोट आणि मेंदू यांना जोडणारी व्हेगस नावाची नस आहे, तिच्यातले बहुतेक तंतू खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. माणूस घाबरला की आतड्याची हालचाल बदलते, आणि आयबीएसमध्ये हे निरोप फार मोठ्या आवाजात पोचतात. इतरांना जो गॅस कळतही नाही, तो मला कळ येऊन कळतो. अमेरिकेत 1822 साली एका तरुणाला गोळी लागून पोटाला भोक पडलं आणि ते कधी पूर्ण बुजलंच नाही. बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरनं त्या भोकातून जठराचं काम वर्षानुवर्षं पाहिलं आणि 1833 साली पुस्तक लिहिलं. तो तरुण चिडला की त्याचं पचन बिघडायचं, हे बोमाँटनं तेव्हाच नोंदवून ठेवलंय. दुखणं खरं असतं आणि त्याला भीतीनं जोरही चढतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

लोकलमध्ये शौचालय नसतं हे तुम्हाला माहीत आहे. गाडी सुटली की माझ्या मनात एकच यायचं, आत्ता कळ आली तर? आणि ते मनात आलं की कळ यायचीच. म्हणून मी डोंबिवलीहून जलद गाडी सोडून धीमी धरायला लागले, कारण ती प्रत्येक स्टेशनला थांबते. घरातून निघताना चहा बंद, नाश्ता बंद. ऑफिसला पोचेपर्यंत ठाणे, घाटकोपर, दादर इथली शौचालयं कुठल्या प्लॅटफॉर्मवर आहेत, कुठल्याला कुलूप असतं, हेच डोक्यात. मार्चएंडला तर रजा टाकून घरी बसावं लागलं. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही दोघं नोकरी सोड म्हणाला असतात. मला नोकरी सोडायची नाही. काम मला आवडतं.

आता एका समुपदेशक बाईंकडे जाते. त्या "टेन्शन घेऊ नको" असं कधीच म्हणत नाहीत. त्यांनी मला जलद गाडीत आधी फक्त ठाण्यापर्यंत बसायला लावलं. कळ आली तरी उतरायचं नाही, पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायचा, सोडताना घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. कळ चढते, मग आपोआप उतरते, हे अंगाला कळावं लागतं; नुसतं सांगून कळत नाही. आता घाटकोपरपर्यंत जमतं. काही दिवस जमत नाही, तेव्हा धीमी गाडी.

आई, रात्री घ्यायच्या त्या छोट्या गोळीला तू घाबरलीस. तिचं नाव अमिट्रिप्टिलिन. मोठ्या डोसमध्ये ती नैराश्यावर देतात हे खरं, पण मला अगदी कमी डोस आहे आणि तो पोटाच्या नसांचा आवाज कमी करायला आहे. ब्रिटनमध्ये 463 रुग्णांवर याचा अभ्यास झाला, तो 2023 साली प्रसिद्ध झाला, आणि कमी डोसनं आयबीएसला खरंच उतार पडतो असं त्यात दिसलं. तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडी सुस्ती येते, एवढंच. बंद करायची तर डॉक्टरांना विचारून करेन.

खाण्याचं तू विचारतेस म्हणून लिहिते. कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध यांतले काही घटक लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत, पुढे जाऊन आंबतात आणि गॅस धरतो. थोडे आठवडे सगळं बंद करून मग एकेक परत सुरू करायचं, अशी ती पद्धत आहे. कायमचं सगळं सोडायचं नसतं. मला कच्चा कांदा आणि नुसतं दूध सोसत नाही. भात, भाकरी, ताक, मुगाचं वरण व्यवस्थित चालतं. लसणाचं एक सांगते, तुला उपयोगी पडेल. त्यातला त्रास देणारा भाग पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. म्हणून फोडणीत पाकळ्या तांबूस करून काढून टाकायच्या आणि मग आमटी घालायची. वास राहतो, त्रास होत नाही. तुझ्या हिंग-जिऱ्याच्या ताकाला मात्र डॉक्टरही काही बोलले नाहीत.

एक मागणं आहे. रोज रात्री फोन उचलल्या उचलल्या "पोट कसं आहे?" असं विचारू नकोस. दिवसभर मी त्याच्याकडे लक्ष न देण्याचा सराव करते, आणि तू विचारलंस की माझं लक्ष परत तिथंच जातं. बिघडलं तर मी आपणहून सांगेन, लपवणार नाही. तू मला परसातलं सांग, शेजारच्या वैनींचं सांग, काय शिजवलंस ते सांग.

आणि बाबा, आता तुमचं. शाळा तपासणीला साहेब येणार म्हटलं की तुम्ही सकाळपासून पाण्याशिवाय काही घ्यायचा नाहीत आणि परसाकडच्या वाटेवर असायचात. मी लहान होते तरी मला ते आठवतं. तुमचं पोट माझ्यासारखंच असावं, आणि एवढी वर्षं तुम्ही ते एकट्यानं, कुणाला न सांगता सोसलंत, याचं मला फार वाईट वाटतं. पण आत्ताचं वेगळं आहे. आई म्हणते, तुमच्या पँटी सैल झाल्यात, चूर्णाशिवाय पोट साफ होत नाही, लग्नाकार्याला जाणं तुम्ही टाळताय. सत्तरीच्या आसपास शौचाची सवय बदलली आणि वजन उतरलं, तर त्याला टेन्शन म्हणून सोडून द्यायचं नसतं. माझ्याकडे नसलेल्या ज्या खुणा डॉक्टरांनी एकेक करून विचारल्या, त्यातली वजन घटण्याची एक तुमच्याकडे दिसतेय, आणि या वयात सवय बदलणं ही दुसरी. बहुतेक वेळा साधंच कारण निघतं. पण पाहिलं पाहिजे. हिमोग्लोबिन तरी लगेच करायचं, आणि डॉक्टर म्हणाले तर कोलोनोस्कोपीही. ती गुंगी देऊन करतात. आदल्या दिवशीचं औषध पिणं तेवढं कंटाळवाणं असतं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, आणि मी बरोबर असेन.

शनिवारची वेळ घेतली आहे. मी शुक्रवारी रात्री कल्याणहून महालक्ष्मीनं निघते, पहाटे कराडला उतरेन. स्टेशनवर घ्यायला येऊ नका, रिक्षा मिळते. बाबा, जुने रिपोर्ट असतील ते शोधून ठेवा, आणि चूर्णाची बरणी पिशवीत टाका. तसल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी, म्हणजे जुलाबाचा पाला, असते. रोज घ्यावी की नाही, ते डॉक्टरांनाच विचारू.

तुमची लेक