२८ हजारांचं नीट सांगते

आई, बाबा,

काल फोनवर मी पुण्यातल्या क्लिनिकचा पगार २८ हजार म्हटलं आणि बाबा तुम्ही एकदम गप्पच झालात, मग आईने फोन घेतला आणि जेवलीस का विचारलं. जनावरांच्या डॉक्टरकीची साडेपाच वर्षं, शिरवळचं होस्टेल, इंटर्नशिप, आणि एवढं करून २८ हजार, हे तुमच्या मनात आलं असणार, माझ्याही आलं होतं, खोटं कशाला बोलू. म्हणून सविस्तर लिहून पाठवतेय, दादाला मोठ्याने वाचायला सांगा.

गावाकडं आमच्या कामाला भाव का नाही हे बाबा तुम्हालाच जास्त माहितीय. गोठ्यातल्या गौरीला दगडी झाली, कास सुजली, तेव्हा तुम्ही आधी दुधाचा दर आणि इंजेक्शनांचा खर्च मांडून बसला होतात, आणि तुमचं काही चुकलं नव्हतं, गोठा परवडायला पाहिजे. त्यात सरकारी दवाखान्यात नाममात्र फी, डिप्लोमावाले दारात येऊन कृत्रिम रेतन करून जातात, मग डिग्रीवाल्या नव्या पोरीला व्हिजिटचे जादा पैसे कोण देणार? पुण्यात कुत्रं म्हणजे घरातलं माणूस, एक्स-रे, सोनोग्राफी, रक्त तपासणी, मालक सगळ्याला हो म्हणतात, म्हणून पैसा क्लिनिकमध्ये आहे. पण नव्या डॉक्टरचा आकडा ठरतो तो पहिल्या दिवशी तिला एकटीने काय जमतं यावर. माझा हात गाई-म्हशींवर बसलाय, कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन पहिल्या कापापासून शेवटच्या टाक्यापर्यंत एकटीने मी फक्त दोनदा केलंय. माझ्याच बॅचच्या एकाला इथेच ३५ मिळाले, तो सुट्टीतसुद्धा नसबंदीच्या कॅम्पला जायचा आणि आता नाइट ड्यूटी पण करणार आहे. त्याचे ३५ मला अजिबात खटकत नाहीत.

खटकलं ते दुसरंच. एका पोल्ट्री कंपनीत ३२ हजार, वर बाइक आणि पेट्रोल होतं, इंटरव्ह्यूत मला विचारलं लग्न कधी करणार, फार्मवर एकटी फिरशील का. बाहेर आल्यावर मुलांना विचारलं, त्यांना कुणालाच हे विचारलं नव्हतं. आई, मला अजून राग येतो त्याचा, मी त्यांना परत फोनच केला नाही.

आणि बाबा, सरकारी नोकरीचं मी विसरले नाहीये. पशुधन विकास अधिकारी गट अ ला मूळ पगारच ५६,१०० पासून सुरू होतो, वर महागाई भत्ता, तिथे मुलगा-मुलगी, हात बसलाय की नाही असलं काही नाही, आकडा ठरलेला. २०२५ ला एमपीएससीने २७९५ जागा काढल्या तेव्हा आमचं अख्खं होस्टेल जागं होतं. पण दरवर्षी एवढ्या जागा निघत नाहीत, आणि वाट बघत नुसतं घरी बसले तर शिकलेलं पण हातातून जाईल. जनावर आजारी पडलं की १९६२ नंबरवर फोन केला की गाडी येते ना, त्यावरचे डॉक्टर सुद्धा कंत्राटावर असतात, गाडीवर सरकारचं नाव असलं तरी हा पगार त्यांना मिळत नाही. मी रात्री अभ्यास चालू ठेवणार आहे.

या क्लिनिकची नोकरी घेतली कारण इथल्या डॉक्टर मॅडम ऑपरेशनला सोबत उभं करतात. दुसरीकडे ३३ देत होते पण तिथे दिवसभर लसी टोचायच्या आणि बिलं करायची. सहा महिन्यांनी मी एकटीने ऑपरेशन करायला लागले की पगार वाढवू असं मॅडम म्हणाल्या, ते मी ऑफर लेटरमध्ये लिहूनच घेतलं. वजनाची पावती हातात आल्याशिवाय तुम्ही कधी कारखान्यातून उसाची गाडी हलवू दिली नाहीत, तेच डोक्यात होतं.

रूम तिघींत आहे, ७ हजार माझ्या वाट्याला, डबा वेगळा, भागेल माझं. पहिले सहा महिने घरी काही पाठवता येणार नाही एवढंच वाईट वाटतंय.

आणि गौरीला सातवा महिना संपत आलाय, आता दूध आटवायला घ्या, आईला वाटतंय म्हणून अजून महिनाभर पिळू नका. मी पुढच्या रविवारी येतेय, कास तेव्हा बघते.

तुमची,
ताई