आत्याला सुवर्णपदक सांगू नका

तीर्थरूप बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर धड सांगता आलं नाही. आधी एक विनंती, मला सुवर्णपदक मिळालं असं आत्याला सांगू नका. पदक नाही आणि नंबर तर नाहीच. मिळालंय ते फाय अल्फा थीटाचं सभासदत्व. ही इतिहासाच्या विद्यार्थ्यांची इथली अमेरिकेतली मानाची संस्था, १९२१ साली आर्कन्सा विद्यापीठात निघालेली. इतिहासाचे निदान चार कोर्स झालेले हवेत आणि त्यांत ४ पैकी किमान ३.१ सरासरी हवी, मग कॉलेजातली शाखा सभासद करून घेते. वर्गणी आपणच भरायची, एकदाच. "बक्षीस देतात का घेतात?" आई, हे तू म्हणणारच. मीही म्हटलं होतं. पण त्रेचाळिसाव्या वर्षी रेवाच्या वयाच्या पोरांत बसून मिळवलंय, म्हणून भरले.

खरं सांगायचंय ते विभागाच्या निबंधाच्या बक्षिसाचं. आपल्याकडे 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असतं ना, तसंच. ते माझ्या सुप्याच्या दंग्यावरच्या निबंधाला मिळालं. इथल्या यादवीत अमेरिकेचा कापूस अडला, आपल्या कापसाला भाव चढला, सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले, वर सरकारने सारा वाढवला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांची खतं-रोखे जाळले. पुढे आयोग बसला, कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९ चा कायदा आला. एवढं पुस्तकांतही आहे.

परीक्षक अडले ते आपल्या ट्रंकेतल्या गहाणखतापाशी. बाबा, तीन रविवार तुम्ही व्हिडिओवर भिंग धरून एकेक अक्षर लावत होतात आणि आई मागून "चहा गार झाला" म्हणत होती, ते खत. तळटिपेत मी लिहिलंय, 'मोडी वाचन : माझे वडील'. एका बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे कुठे शिकवतात? मी म्हटलं, तलाठ्याच्या पोराला बापाने घरी शिकवलं.

मग त्यांनी जे विचारलं त्यावर मी गप्प. खत असतं सावकाराकडे, मग तुमच्या घरी कसं? फेडलं म्हणून परत मिळालं, की आपल्यापैकी कुणी त्या गडबडीत पळवलं? शके १७९४ चं आहे, म्हणजे दंग्याच्या तीनच वर्षं आधीचं.

तुम्ही मला फक्त पुढच्या बाजूचे फोटो पाठवले होते. कागद उलटा करून बघा ना, पाठीवर वसूल मांडलाय का? दुपारी खिडकीशी, दिव्याखाली नको. आणि ट्रंकेत परत ठेवताना डांबराच्या गोळ्या त्याला चिकटवून ठेवू नका.

रेवाचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
ताई