पाडव्याला वही बदलतातच ना

लातूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

गाडी सुटताना तू खिडकीतून हात केलास, मी केला नाही. मोबाइल हातात होता असं तुझ्या आईला सांगितलं. हात रिकामाच होता.

आता राग उतरलाय. वहीवर हळद-कुंकू वाहून होत नाही तोच तू शेठजींसमोर म्हणालास, ‘पुढच्या महिन्यात सगळं पीएचपीतून काढून नोडवर टाकतो.’ तूच लिहिलेला दुकानाच्या हिशेबाचा प्रोग्राम पीएचपी या संगणकी भाषेतून उचलून नोड नावाच्या दुसऱ्या साधनावर न्यायचा म्हणे! मी ओरडलो. त्यावर तू शांतपणे, ‘अण्णा, पाडव्याला वही बदलतातच ना?’ बत्तीस वर्षं दिवाणजी आहे मी, उत्तर सुचलं नाही. सुचलं ते गाडी हलल्यावर. वही बदलते रे, पण जुनी शिल्लक नव्या वहीत ओढावी लागते. कुणाची उचल, कुणाची बाकी, एकेक नाव. त्याला आम्ही चौघं दोन-दोन रात्री बसायचो. तू एकटा आहेस.

म्हाताऱ्याला काही कळत नाही असं समजू नको. ओसरीच्या भिंतीवर तू खडूनं काढून दाखवलेलं मला पाठ आहे. पीएचपी म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला नवा कारकून. पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशेब, करून दिली की सगळं विसरून उठून जातो, म्हणून एकाचा घोळ दुसऱ्याच्या कागदात जात नाही. नोड म्हणजे दिवाणजी एकच, पण चलाख. एकाचा माल काट्यावर लावला की तिथं ताटकळत नाही, दुसऱ्याचा कागद हातात घेतो. माप झालं की मापाडी त्याला हाक मारतो. सौदा निघाला की हजार मोबाइल भावाकडे डोळे लावून बसतात, ते हा एकटा सांभाळतो. मात्र त्यालाच कुणी वर्षाची खतावणी तपासायला बसवलं तर अख्खं यार्ड खोळंबलं. बरोबर ना? मग भावाचा फळा खुशाल नोडवर कर. पट्ट्या नि बाकी आहेत तिथं राहू दे. दोन्ही एकाच छपराखाली पाहिजे असं कुणी सांगितलंय? आणि कुठंही ठेव, रक्कम रुपयांत नको, पैशांत ठेव, पूर्ण आकड्यात. ०.१ आणि ०.२ ची बेरीज तुझं यंत्र कशी करतं, नेमकी ०.३ येतच नाही, ते तूच दाखवलंस. त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो २०१६ चा उन्हाळा आठवतो? टँकरची रांग, नि तू पालथ्या बादलीवर लॅपटॉप ठेवून बसलेला. रांगेतल्या बाया म्हणायच्या, ‘दिवाणजीचं पोरगं बघा.’ मी ऐकू आलं नाही असं दाखवायचो. त्याच मार्चात कुणीतरी लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज, म्हणजे इतरांचे प्रोग्राम ज्यावर टेकले होते तो तयार तुकडा, काढून घेतलं नि जगभर लोकांची कामं अडली, हे तू मला हसत हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही. मी टँकरकडे बघत होतो.

व्याख्यान झालं बघ. लिहायला बसताना ठरवलं होतं, शिकवायचं नाही.

आणि मीही सगळा बरोबर नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीकडची घरं बसली, त्या दगडमातीच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या उभ्याच होत्या. उभ्या आहेत म्हणून कुणी हात लावला नव्हता. तुझी आत्या अजून त्यावर बोलत नाही. तू हा प्रोग्राम २०१५ च्या दिवाळीत पीएचपीच्या ५.६ आवृत्तीवर लिहिलास, डिसेंबरात ७ आली, त्यात मायएसक्यूएलशी, म्हणजे नोंदी साठवतात त्या कोठाराशी, बोलणारी ती जुनी फंक्शनंच काढून टाकली. २०१८ संपल्यापासून ५.६ ला सुरक्षेची दुरुस्तीही येत नाही. तेव्हा भिंत पोकळ आहे हे तुझं खरं. पण आधी ८ वर आणता येतंय का ते बघ. विकिपीडिया आजही पीएचपीवर चालतो हेही तूच सांगितलंस, सोयीचं तेवढं मी लक्षात ठेवतो.

शिवाय इथं पीएचपी येणारं पोरगं दर गल्लीत सापडतं. तुला ताप आला, तर तुझं नोड कुणाला दाखवू मी? तू म्हणशील, बंद पडलं तर आपोआप उठवणारं पीएम-टू आहे. असेल. मी सर्व्हर पडण्याचं बोलतच नाहीये. मागच्या साली कावीळ झाली तेव्हा सलाइन लावलेल्या हातानं तू तेवीस दुकानांच्या पट्ट्या बघत होतास. नर्स रागावली तर म्हणालास, ‘पाच मिनिटं.’ ती पाच मिनिटं कामून माझ्या डोक्यातून जात नाहीत, कळत नाही.

हट्टच असेल तर एवढं कर. सोयाबीनची आवक ओसरू दे, नवी तूर जानेवारीत यार्डात येईल, त्याच्या मधले दिवस धर. महिनाभर जुनं-नवं दोन्ही चालव. रोज संध्याकाळी दोन्हीकडच्या बेरजा मी लावतो. पैशाचा फरक निघाला तरी फोन करीन. मला दुकान सुटल्यावर करायला काही नसतं, आणि तू एकटा

हे परत लिहिलं. खोडत नाही आता.

शेठजींना मी सांगितलं, पोरगं हुशार आहे, विचार करूनच बोललं असेल. त्यांनी पानाचा डबा पुढं केला, म्हणजे राग नाही.

तुझा डबा इथंच राहिला. आईनं धपाटे नि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवलीय. शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं शेजारचे काका पुण्याला निघालेत, त्यांच्याकडे देतो. गाडी पहाटे पोचते. स्टेशनवर घ्यायला जा. नाहीतर नको जाऊ, झोप. काका खोलीवर आणून देतील.

तुझे अण्णा