घोड्याचं नावही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थायलंडमध्ये पटायाला झालेल्या आशियाई अश्वारोहण स्पर्धेत पुण्याच्या आशीष लिमये यांनी इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं आणि संघाला रौप्य मिळालं. आपल्या अंकात ही बातमी क्रीडा पानाच्या तळाला नऊ ओळींत आली. मी ती तीनदा वाचली. स्वाराचं नाव होतं, पदक होतं, मान्यवरांनी केलेलं अभिनंदन होतं. ज्याच्या पाठीवर बसून हे सुवर्ण आलं, त्या घोड्याचं नाव कुठेच नव्हतं. ते नाव आहे विली बी डन. शिवाय बातमीत या खेळाला 'घोड्यांची शर्यत' म्हटलं होतं. त्याच पानावर शेजारी रेसकोर्सचा निकाल होता आणि तिथे मात्र पहिल्यापासून चौथ्यापर्यंत प्रत्येक घोड्याचं नाव होतं.

मी लष्करात बावीस वर्षं नालबंद होतो. खूर तासायचे, नाल तापवून बेतायचे, खिळे ठोकायचे, हे माझं काम. घोड्यावर बसलो तो फक्त पाण्यावर नेताना, त्यामुळे स्वाराच्या बाजूने बोलायचा मला अधिकार नाही. पायाच्या बाजूने मात्र आहे. म्हणून हे पत्र.

इव्हेंटिंग म्हणजे शर्यत नव्हे. एकाच घोड्याची, एकाच स्वाराची तीन परीक्षा. पहिली ड्रेसाज. आखलेल्या चौकोनात घोड्याने शांतपणे, स्वाराचा इशारा दुसऱ्या कुणाला दिसू न देता, चाली करून दाखवायच्या. दुसरी क्रॉसकंट्री. ऑलिंपिकला पाच किलोमीटरच्या आसपासचा माळ, त्यात ओंडके, चर, पाण्यात उतरून पुन्हा वर चढायचे उतार, आणि वर घड्याळ. ठरलेल्या वेळेपेक्षा एक सेकंद उशीर झाला की ०.४ गुण दंड. अडथळ्यापुढे घोडा अडला तर वीस. तिसरी शो जंपिंग. रंगवलेल्या दांड्या, नुसत्या खुराच्या धक्क्याने पडणाऱ्या. एक दांडी पडली की चार गुण गेले. दंड सगळ्यात कमी तो जिंकला.

या तिन्ही परीक्षांना लागणारे स्वभाव वेगवेगळे आहेत. क्रॉसकंट्रीला जो घोडा अंगावर येणाऱ्या ओंडक्याला न घाबरता झेपावतो, तोच आदल्या दिवशी ड्रेसाजमध्ये उसळतो. ज्याला माळावर मनमोकळं धावू दिलं, त्यालाच दुसऱ्या दिवशी दांड्यांवरून पाय आवरून, जपून जायला सांगायचं असतं. घोड्याला पदक कळत नाही. तरी तो हे सगळं करतो, कारण वर बसलेल्या माणसावर त्याचा विश्वास असतो. असा विश्वास बसायला वर्षं लागतात, आणि म्हणूनच स्वार बदलला की तोच घोडा वेगळा होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. या खेळात एक चौथी परीक्षा असते, तिचे गुण कुठल्या फलकावर लागत नाहीत. शो जंपिंगच्या दिवशी सकाळी प्रत्येक घोडा परीक्षकांपुढे आणि पशुवैद्यांपुढे दुडक्या चालीने पळवून दाखवावा लागतो. काल पाच किलोमीटर धावलेला घोडा आज पायात निरोगी आहे की नाही, हे बघतात. शंका आली तर बाजूला घेऊन पुन्हा तपासतात. नापास झाला तर स्पर्धा संपली, मग तुम्ही पहिल्या नंबरावर का असेना. माझं निम्मं आयुष्य या एका मिनिटासाठी गेलं. नीट पायाच्या घोड्याची दुडकी डोळे मिटून ऐकली तर घड्याळासारखी ऐकू येते, टप-टप, टप-टप. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला लागताच घोडं मान वर उचलतं. ती मान एक बोटभर वर जाते, पण बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

एकदा तो खड्डा माझ्यामुळे पडला. आमच्याकडच्या एका स्पर्धेत रेशमा नावाच्या घोडीला मी आदल्या आठवड्यात नाल ठोकले होते. एक खिळा जिवंत भागाच्या जरा जास्तच जवळून गेला. रक्त आलं नाही, घोडी तेव्हा लंगडली नाही, मला कळलं नाही. क्रॉसकंट्री तिने दिली, एकही अडथळा न चुकवता. तिसऱ्या दिवशी सकाळी दुडकताना तिने मान उचलली. मी रांगेच्या टोकाला उभा होतो, मला लांबूनच कळलं की कुठला पाय आणि कुठला खिळा. खिळा उपसला, कोंड्याचं पोटीस बांधलं, चार दिवसांत घोडी बरी झाली. स्पर्धा गेली. तिच्या स्वाराने मला एक शब्द विचारला नाही. पुढे माझ्या हाताखाली जी पोरं शिकली, त्या प्रत्येकाला मी रेशमाचं नाव सांगितलं. तिचा खुरावर डागलेला नंबर मला आज आठवत नाही. खूर वाढतो, तासला जातो, नंबर निघून जातो, पुन्हा डागावा लागतो. नाव राहिलं.

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत घोडेस्वारी पहिल्यांदाच आली, तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण लष्करातल्या रघुबीर सिंग यांनी जिंकलं, रौप्यही आपलंच होतं, गुलाम मोहम्मद खान यांचं. सांघिक सुवर्णही भारताला. त्या महिन्यात आमच्या पागेत सईसांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी जितकं रघुबीर सिंग हे नाव होतं, तितकंच शहजादा हे नाव होतं. शहजादा म्हणजे त्यांचा घोडा. 'आज शहजाद्याने काय केलं?' असंच विचारायचे लोक. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी भारताला २०१८ पर्यंत थांबावं लागलं. जकार्त्यात फौआद मिर्झा यांनी रौप्य मिळवलं, घोडा सेन्यॉर मेडिकॉट.

याच जोडीला मी टोकियो ऑलिंपिकमध्ये पाहिलं, २०२१ साली. नातवाने मोबाइल टीव्हीला जोडून दिला होता. ऊन टाळायला तिथे क्रॉसकंट्री सकाळी लवकर ठेवली होती, म्हणजे आपल्याकडे पहाट. मी अंघोळ करून बसलो होतो. ड्रेसाजला त्यांचे दंडाचे २८ गुण झाले होते, फार चांगले. क्रॉसकंट्रीत घोडा कुठेही अडला नाही, फक्त वेळेचे ११.२० गुण लागले. मी कागदावर भागाकार केला, अठ्ठावीस सेकंद. दुसऱ्या दिवशी दोन दांड्या पडल्या आणि एकूण ४७.२० झाले. तेवढ्या गुणांवर त्यांनी शो जंपिंगच्या दुसऱ्या, अंतिम फेरीच्या पंचवीस जणांत जागा मिळवली. शेवटी तेविसावे. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्रांत मथळा होता, 'पदकाची आशा मावळली'. २००० च्या सिडनी ऑलिंपिकनंतर एकवीस वर्षांनी आपला एकमेव स्वार या खेळात उतरला होता. चारही वेळा घोडा मैदानात पायांवर नीट उभा राहिला आणि नीट बाहेर आला. हे कुणी लिहिलं नाही.

नीट बाहेर येणं गृहीत धरू नका. त्याच क्रॉसकंट्रीत स्वित्झर्लंडच्या रॉबिन गोडेल यांचा जेट सेट हा घोडा शेवटच्या अडथळ्यांपाशी लंगडू लागला. पायातला अस्थिबंध तुटला होता. त्याला वाचवता आलं नाही, वेदनेतून मोकळं करावं लागलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. हा खेळ मी जन्मभर जवळून बघितला, मला तो प्राणापलीकडे आवडतो. तरी घोड्याला यात आणायचं की नाही, हा प्रश्न विचारणाऱ्याला मी गप्प बसवणार नाही. विचारलाच पाहिजे. त्या घोड्याचं नाव जगभरच्या लोकांना कळलं ते मेल्यावर, याचं मला फार वाईट वाटलं.

प्रश्न विचारले गेले म्हणूनच या खेळात काही बदललं. पूर्वी क्रॉसकंट्रीच्या दिवशी आधी रस्त्यांची लांब रपेट आणि एक वेगवान धाव असायची, घोडा त्यात निम्मा दमायचा. अथेन्सच्या २००४ च्या ऑलिंपिकपासून ती काढली. काही ओंडके आता अशा खिळीवर किंवा क्लिपवर बसवतात की घोड्याचा पाय जोरात अडकला तर ओंडका खाली सुटतो आणि घोडा स्वारासकट उलटा पडत नाही. ती खिळी सुटली की अकरा गुण दंड. टोकियोत जर्मनीच्या मिखाएल युंग यांना हाच दंड बसला आणि पदक गेलं. त्यांच्या घोड्याचं नाव चिपमंक. तीन वर्षांनी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये, व्हर्सायच्या बागेत, तेच युंग आणि तोच चिपमंक सुवर्ण जिंकले. इव्हेंटिंगमध्ये तीन वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णं मिळवणारा तो पहिला माणूस. पहिली दोन त्यांनी सॅम नावाच्या घोड्यावर जिंकली होती. घोड्यांची नावं काढून ही गोष्ट सांगून बघा, सांगता येत नाही.

व्हर्सायची क्रॉसकंट्री २८ जुलै २०२४ ला, रविवारी. इंग्लंडच्या लॉरा कॉलेट यांना मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. २०१३ साली घोड्यासकट उलटून पडल्यामुळे त्या कोमात गेल्या होत्या आणि त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. एका डोळ्याने अंतर नीट जोखता येत नाही, सुईत दोरा ओवायला गेलं तरी कळतं. त्या पूर्ण वेगाने ओंडक्यावर येतात तेव्हा उरलेलं अंतर घोडा मोजत असणार, असं मला वाटतं. घोडा लंडन ५२. वैयक्तिक कांस्य आणि ब्रिटनबरोबर सांघिक सुवर्ण घेऊन ही जोडी परतली.

पण मला खरं धडधडलं ते जपानसाठी. क्रॉसकंट्रीनंतर जपानचा संघ तिसरा होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाहणीत त्यांचा एक घोडा, चेकातिंका, पुढे जाऊ शकला नाही. नियमाप्रमाणे राखीव स्वार आणि घोडा आत आले, पण बदलीचे वीस गुण डोक्यावर घेऊन. संघ घसरला. आणि तरीही संध्याकाळपर्यंत त्यांनी तिसरी जागा परत मिळवली. घोडेस्वारीतलं जपानचं ते ९२ वर्षांनी आलेलं पदक. त्याआधीचं १९३२ चं, लॉस एंजेलिसमधलं, ताकेइची निशी यांचं. निशींचं नाव निघालं की त्यांच्या युरेनस या घोड्याचं नाव निघतंच. त्या सकाळी चेकातिंकाला धरून चालवणाऱ्या सईसाकडे मी बघत होतो. कॅमेरा त्याच्यावर थांबला नाही. मला मात्र रेशमाची सकाळ आठवली.

हे आपल्याला परकं नाही, साहेब. आमच्या सातारा जिल्ह्यात बैलगाडी शर्यतीच्या मैदानावर माइकवरून बैलाचं नाव आधी पुकारतात, मालकाचं आणि गावाचं नंतर. आमच्या गावात शाळकरी पोरांना नामवंत बैलांची नावं पाठ आहेत, मालकांची नाहीत. पोस्टरवर बैलाचा फोटो मोठा असतो. ज्या वाचकाला बैलाचं नाव लागतं, त्याला घोड्याचं नको असेल, असं मला वाटत नाही. आंतरराष्ट्रीय निकालपत्रकात तर स्वार आणि घोडा ही दोन्ही नावं एकाच ओळीत असतात. आपल्या बातमीदाराला वेगळं शोधायला जावं लागणार नाही.

'हा श्रीमंतांचा खेळ, आम्ही कशाला जागा द्यायची,' असं कदाचित कुणी म्हणेल. घोडा पोसणं महाग आहे, खरं आहे. पण पागेत पहाटे चारला उठणारी, शेण काढणारी, खरारा करणारी माणसं श्रीमंत नसतात, आणि १९८२ चं सुवर्ण एका सैनिकाने आणलं होतं. एकेकाळी ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत सैन्यातल्यांपैकी फक्त अधिकाऱ्यांनाच उतरता यायचं. १९४८ ला स्वीडनच्या संघाचं ड्रेसाजचं सुवर्ण पुढे काढून घेतलं, कारण संघातले गेनाल पेर्सन हे खरे अधिकारी नसून सार्जंट होते. घोडा तोच, चाली त्याच, फक्त खांद्यावरची पट्टी कमी. नंतर नियम बदलला आणि १९५२ ला त्याच पेर्सन यांच्यासह स्वीडनने पुन्हा सुवर्ण घेतलं. आमच्या पागेत हा किस्सा एका जुन्या रिसालदाराने सांगितला होता, आम्ही सगळे जवान टाळ्या वाजवल्या होत्या.

माझी विनंती लहान आहे. 'घोड्यांची शर्यत' न लिहिता इव्हेंटिंग लिहावं. स्वाराच्या नावापुढे घोड्याचं नाव द्यावं. फोटो छापताना घोड्याचं तोंड कापू नये. त्या बातमीतल्या फोटोत एक कान तेवढा आला होता. जमलं तर शेवटच्या सकाळच्या पाहणीत आपले घोडे उत्तीर्ण झाले की नाही, ही एक ओळ द्यावी. सप्टेंबर २०२६ मध्ये जपानमध्ये आइची-नागोयाला आशियाई खेळ आहेत, तेव्हा ती ओळ मी सगळ्यात आधी शोधेन.

आपल्या अंकातलं ते कात्रण मी कापून वहीत चिकटवलं आहे. 'सुवर्णपदक पटकावले' या शब्दांनंतर ओळ अर्धी रिकामी होती. तिथे मी पेनाने 'विली बी डन' लिहिलं. आरामात बसलं.

आपला एक जुना वाचक,
निवृत्त सैनिक (नालबंद), कोरेगाव, जि. सातारा