खडेबाजाराच्या आठवणी: रविवारपर्यंत पाठवा

सर्व सदस्यांना नमस्कार,

बेळगावच्या खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीतल्या जुन्या दुकानांच्या आठवणी आपण गोळा करतोय. येत्या रविवारपर्यंत मजकूर पाठवायचा आहे. चार ओळीही चालतील, पण स्वतः पाहिलेलंच लिहा.

"कुंदा छान मिळायचा" एवढ्याने हाती काही लागत नाही. दूध आटताना कढईच्या कडेला धरलेला तपकिरी थर उलथन्याने खरवडून परत आत ढकलणारा माणूस, गिऱ्हाईक बदललं की मराठीवरून कन्नडवर सहज जाणारा गल्ल्यावरचा मालक, हे लिहा. हातावर पसरलेला मांडा उपड्या खापरावर टाकणाऱ्या बायका कुणी जवळून पाहिल्या असतील तर त्यांनी जरूर लिहावं. शहापूरकरांनी मागांबद्दल आणि साड्यांच्या दुकानांबद्दल लिहिलं तर फार बरं होईल.

1888 मध्ये किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, हे पुस्तकांत आहे. पंक्चर काढणारे, छत्र्या दुरुस्त करणारे, बोहारणी यांच्याबद्दल कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्यांना आधी घेऊ.

दुकान रस्त्याच्या कोणत्या बाजूला होतं, शेजारी काय होतं, साधारण साल कोणतं, हे नक्की टाका. जुनी बिलं, फोटो असतील तर मूळ प्रत घरीच ठेवा, मोबाइलवर टिपून पाठवा. हयात माणसांची नावं त्यांना विचारूनच घाला. वडीलधाऱ्यांना लिहायला जमत नसेल तर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, उतरवून आम्ही घेऊ.